कडं न पडलेली प्लेट

५ ऑगस्ट, सोमवार

शुक्रवारी या वहीत लिहिलं ते चूक आहे. मेंढीचं रक्त संपल्यावर लॅबमध्ये आठवडाभर माणसाचं वापरलं, असं लिहिलंय. आठवडा नाही — अख्खा जून! न्यूझीलंडहून खेप आलीच नव्हती. मग रक्तपेढीतल्या मुदत संपलेल्या पिशव्या आणल्या आणि जंतू वाढवायच्या प्लेटमध्ये तेच रक्त घातलं. घालणारी मीच.

हेड तानिएला सर तेव्हा हसत म्हणाले होते, "फिफिता, जंतूंचे लाड तरी किती! टोंगाचं रक्त बेचव लागतं का त्यांना?" मीही हसले.

माझ्या भाच्याच्या, मानासेच्या घशाची तपासणी त्याच महिन्यातली.

६ ऑगस्ट

आज काही लिहवत नाही.

७ ऑगस्ट, बुधवार

मानासेला मातीत ठेवून आठवडा झाला. आत्या म्हणून मी त्याच्या उशाशी मानाच्या जागी बसले. उत्तम चटया माझ्यापुढे ठेवल्या. आमच्यात आईकडच्यांचा मान सगळ्यात खालचा, म्हणून वहिनीचे भाऊ कमरेला फाटक्या चटया गुंडाळून मागे स्वयंपाकाच्या भट्टीच्या धुरात राबत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

जूनमध्ये वहिनी म्हणाली होती, "वन्सं, फार दुखतंय त्याला. पेनिसिलिनचं इंजेक्शन देऊन टाकू या का?" मी रिपोर्ट बघून सांगितलं — काही नाही, साधी सर्दी. आत्या बोलली की विषय संपतो. त्यात घरात शाळा शिकलेली मी पहिली! मग ताप आला, सांधे सुजले, मग हृदय. नऊ वर्षांचा होता.

९ ऑगस्ट, शुक्रवार

मेंढीचं रक्त आता नियमित येतंय. जूनमधली माणसाच्या रक्ताची एक जुनी प्लेट फ्रीजमध्ये मागे राहिली होती. घशाचा एक खात्रीचा जंतू आम्ही जपून ठेवलाय. तोच या जुन्या आणि मेंढीच्या नव्या, दोन्ही प्लेटवर लावला.

१० ऑगस्ट, शनिवार

मेंढीच्या प्लेटवर प्रत्येक ठिपक्याभोवती स्वच्छ कडं. जंतूचं विष रक्तपेशी फोडतं, म्हणून पडतं ते. त्यावरूनच आम्ही त्याला ओळखतो. माणसाच्या प्लेटवर मोजके ठिपके. कडं नाहीच.

जुनी म्हणून असेल? पुस्तक काढून वाचलं. नाही. लहानपणी हा घशाचा आजार आपल्या सगळ्यांना होऊन गेलेला असतो, त्याच्याशी लढायचं बळ रक्तात उरतं. ते प्लेटमध्येही लढत राहिलं. आम्हा मोठ्यांना वाचवणाऱ्या रक्तानंच जंतूला लपवलं!

१२ ऑगस्ट, सोमवार

दोन्ही प्लेट सरांपुढे ठेवल्या. त्यांनी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिल्या.

"झाकण लाव," म्हणाले. "गेलेलं पोर परत येत नाही. हे बाहेर पडलं तर लोक पोरांना इथे आणणंच सोडतील."

"पण सर, जूनमधली बाकीची पोरं? त्यांना अजून इंजेक्शन देता येईल."

"देऊ ना. हळूहळू. गाजावाजा न करता."

हळूहळू म्हणजे कधी? आणखी कुणाचे सांधे सुजल्यावर? सर वाईट नाहीत. घाबरलेत. मीही.

१३ ऑगस्ट

दादाला कसं सांगायचं? आमच्यातल्या बहीण-भावाच्या रीतीप्रमाणे मोठी झाल्यापासून त्याच्यासमोर एका खोलीत बसलेसुद्धा नाही. आमचं बोलणं सगळं वहिनीमार्फत. म्हणजे हेही तिलाच त्याच्यापर्यंत न्यायला लावायचं?

१५ ऑगस्ट, गुरुवार

वहिनी आली. तिची धाकटी लेक लाटू कडेवर, अंग तापलेलं.

"हिचाही घसा दुखतोय, वन्सं. तुम्ही म्हणाल तसं करू."

अजूनही — तुम्ही म्हणाल तसं!

"आत्ताच्या आत्ता इंजेक्शन."

"तपासायचं नाही?"

"नाही."

"मानासेचं तर तपासलं होतं तुम्ही." सहज म्हणाली ती. टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

लाटूला टोचून आणलं.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

वहिनीला सगळं सांगितलं. तिनं माझ्या मांडीवरून लाटूला उचलून घेतलं आणि गेली. आत्याच्या मांडीवरून मूल कुणी काढून घेत नाही.

रविवारी, १८ ऑगस्टला, चर्चमध्ये सूचना वाचतात तेव्हा मी उभी राहून जूनच्या प्लेटचं सगळं सांगणार. दादा समोर असेल, तरीही.