बालीच्या बंगल्यातली शेगडी

मंगळवार, संध्याकाळ

परवा सहलीला निघायचं, आणि बालीचा बंगला आज ठरला एकदाचा. हे सातपूरहून कामावरून आले ते मोबाइल पुढे करतच. पोहायचा तलाव, नारळाची झाडं, सगळं फक्त आपल्यासाठी. मला मात्र त्या फोटोत चार बर्नरची शेगडीच दिसत राहिली.

धाकटी जाऊ म्हणाली, "स्वयंपाकघर आहे ते बरं झालं, वहिनी. आईंना बाहेरचं चालत नाही." म्हणजे हॉटेल सोडून बंगला घेतला तो यासाठी. रांधणार कोण, हे विचारायची कुणाला गरजच वाटली नाही.

सासूबाई मेथी निवडत होत्या. "मला दहीभात पुरतो गं," एवढंच म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. मी तरी कुठे ऐकलं? लगेच मेतकूट आणि भाजणी डब्यांत भरायला बसले. का बसले?

आता पाय भरून आलेत. ह्यांनी माझ्या बॅगेतले दोन नवे ड्रेस काढून तिथे कुकर ठेवलाय. म्हणे, नीट बसला. ती चार बर्नरची शेगडी काही डोळ्यांपुढून हलत नाही.

वाद घालायचं त्राण नाही. कुकर राहू दिला बॅगेत. त्याची शिट्टी तेवढी काढून इथे मिठाच्या बरणीमागे ठेवली.