एक मैदान, दोन कुलपं

५ जानेवारी, रविवार
माझी एकमताने निवड. शाळेच्या मैदानाच्या संयुक्त समितीवर नागरिक समन्वयक. मैदान शाळेचं, कुंपण, ट्रॅक आणि दिवे पालिकेचे; त्या बदल्यात सकाळ-संध्याकाळ ते सगळ्या वाघोलीला खुलं. दोघांच्या मध्ये एक सुज्ञ माणूस हवाच होता. ऋतुजा म्हणाली, एकमत कसलं, बाकीचे मान खाली घालून मोबाईल बघत होते. बायकोला नवऱ्याचं कौतुक झेपत नाही.

संस्कृती यंदा पहिल्यांदाच शाळेच्या खो-खो टीममध्ये. २ फेब्रुवारीला मॅच. म्हणाली, बाबा, संध्याकाळी मैदान उघडं राहील एवढं बघ. इतकी किरकोळ अपेक्षा! पोरीला मॉडेल मैदान देणार आहे.

८ जानेवारी
गेटचा अभ्यास केला. एकच साखळी, त्यात दोन कुलपं एकमेकांत अडकवलेली. शाळेने आपलं काढलं तरी गेट उघडतं, पालिकेने काढलं तरी. म्हणजे उघडं कोणी टाकलं ते कळायची सोय नाही. आत कुत्री, आत स्कूटी शिकणाऱ्या वहिनी. अकाउंटेबिलिटी शून्य. खराडीच्या ऑफिसात मी दिवसभर लोकांना प्रोसेस शिकवतो, मला हे बघवेना.
उपाय: दोन साखळ्या. एक शाळेची, एक पालिकेची. दोघं हजर असतील तरच गेट उघडेल. याला म्हणतात सहकार्य.

११ जानेवारी, शनिवार
साखळ्या लावल्या. दोन्ही बाजूंकडून नियमावर सह्या घेतल्या. फोटो ग्रुपवर टाकला. खो-खो शिकवणाऱ्या नम्रता मॅडमनी विचारलं, आणि दोघांपैकी एक आला नाही तर? म्हणालो, मॅडम, या प्रश्नातच अविश्वास आहे. शिट्टी खिशात टाकून निघून गेल्या. पटलं असावं.

१३ जानेवारी, सोमवार, सकाळी
पालिकेचा तेजस चावी घेऊन उजाडताच हजर. शाळेचे शिपाई रंगराव मात्र शाळेच्या वेळेलाच येणार. तोवर सगळे वॉकर नगर रोडच्या कडेने, डंपरच्या धुळीत. याच गावचे हिंदुराव तात्या गेटला टेकून उभे. म्हणाले, आरं, ह्ये मैदान हाय का तुरुंग? तात्यांना सिस्टीम समजावली. ते खोकत होते, त्यामुळे चर्चा अपुरी राहिली.

संध्याकाळी
उलटं. मुली आल्या तेव्हा रंगराव होते, तेजस नव्हता. तेजस आला तेव्हा रंगराव घरी. रुळायला वेळ लागतो.

१७ जानेवारी
अजून रुळलं नाही. मुली आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रॅक्टिस करतायत. खो-खोचा खांब म्हणून सिमेंटचा पिलर. संस्कृतीचा गुडघा फुटला. तिला सांगितलं, खरा खेळाडू मैदानावर अवलंबून नसतो. तिने गुडघ्याला मलम लावलं. प्रेरणा मिळाली की मुलं अशी शांत होतात.
उद्या विषय संपवतो.

१८ जानेवारी
संपला नाही. रंगरावांना म्हणालो, तुमची चावी माझ्याकडे द्या. म्हणाले, पालिकेने दिली की देतो. तेजस म्हणाला, शाळेने दिली की देतो, सर. मग साखळीच काढा म्हणालो, तर दोघांनी माझाच नियम दाखवला: समितीच्या बैठकीशिवाय बदल नाही. बैठक ३ फेब्रुवारीला. मॅच २ ला.
राजीनाम्याचा विचार केला. तोही बैठकीतच मंजूर होतो. नियम तसा चांगला आहे.

२६ जानेवारी, रविवार, मैदानातून, मोबाईलवर
मास्टरस्ट्रोक. झेंडावंदनाला दोघंही चावी घेऊन येणारच. तेव्हा गेट उघडलं की नंतर मुलींची दिवसभर प्रॅक्टिस. नम्रता मॅडम चक्क हसल्या. संस्कृतीने कित्येक दिवसांनी मला डबा भरून दिला.
झेंडावंदन झालं. मुली जिलबी घ्यायला शाळेत गेल्या. मी सामानाच्या खोलीमागे समितीसाठी सक्सेस स्टोरीचा व्हिडिओ करत होतो. तीनदा करावा लागला, वारा फार. बाहेर आलो तर कोणी नाही. मैदान रिकामं बघून रंगरावांनी त्यांचं कुलूप लावलं, तेजसने त्याचं. नियमाप्रमाणे.

त्याच दिवशी, जरा वेळाने
रंगराव सासवडला निघालेत, भाचीच्या साखरपुड्याला. तेजस फोन उचलत नाही, सुट्टी आहे. कुंपणावरून चढता येत नाही, वर भाले आहेत. ते असावेत ही सूचना माझी.
मुली परत आल्या. कुंपणापलीकडे उभ्या आहेत, बूट घालून. आत आखलेलं मैदान, खांब, आणि मी. तात्यांनी गजांतून जिलबी दिली. म्हणाले, खा गप. खाल्ली. संस्कृती माझ्याकडे बघत नव्हती, खांबाकडे बघत होती. मग सगळ्याजणी पार्किंगकडे गेल्या. आतून हाका मारल्या. ऐकू गेल्या नसाव्यात.
ऋतुजाने फोनवर विचारलं, अहो, आत मोकळं मोकळं वाटतंय ना?

२ फेब्रुवारी, रविवार
मी २६ ला रात्री दोन्ही चाव्या आल्यावर बाहेर आलो; मुली आज पहिल्याच फेरीत बाहेर. ग्राऊंड त्यांचं होतं, हवा वेगळी होती, पंच तरुण होता.
खांबापाशी वळताना संस्कृती दर वेळी हातभर आधीच थांबत होती. समोरची मुलगी निसटायची. मी ओरडून सांगत होतो, धर तो खांब! नम्रता मॅडम शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, पिलरवर डोकं आपटू नये म्हणून आधीच थांबायची सवय लागलीय सगळ्यांना. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर उत्तर दिलं असतं.

३ फेब्रुवारी, सोमवार
बैठक. चहा यायच्या आत ठराव झाला: साखळी एक, कुलपं पूर्वीसारखी एकमेकांत अडकवावी. एकमताने. मीही हात वर केला. राजीनामा घेतला नाही, दुसरं कोणी तयार नाही म्हणाले.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
गेट सताड उघडं. कुत्री आत, स्कूटीवाल्या वहिनी आत. घरी येऊन संस्कृतीला म्हणालो, चल, मैदान उघडं आहे, खांबही आहे, मी पळतो, तू धर. ती अभ्यासाला बसली होती. बूट माळ्यावर टाकलेत. वर न बघता म्हणाली, तू जा, बाबा. फक्त आत जाताना कोणाला तरी सांगून जा.
फार लागलं. ऋतुजाला सांगून गेलो.