शेवाळाचे गोळे आणि तीन दिवसांचं पाणी

ओमिया, २४ मे

प्रिय दादा,

इथे उन्हाळा वेळेआधीच डोक्यावर आलाय. कोबेत तू आणि वहिनी बरे असाल. आम्ही दोघंही बरे आहोत. बाबांचा गुडघा सोडून, आणि माझं डोकं सोडून.

डोकं का, ते ऐक. दर रविवारी आपल्या रोपवाटिकेच्या शेडमध्ये मी लोकांना कोकेदामा शिकवते. रोपाच्या मुळांभोवती चिखलमाती थापायची, वर शेवाळ लपेटायचं, काळ्या दोऱ्याने गुंडाळायचं, झाला गोळा! पण नाही. या बायकांचे हात जन्मभर डब्यासाठी भाताचे तिकोनी गोळे वळलेले. हलकेच दाबतात आणि नकळत तीन कोपरे काढतात. "कुरामोचीबाई, हे डब्यात भरायचं नाहीये," असं मी किती वेळा सांगू? टेबलावर कात्री एकच. "आधी तुम्ही." "छे हो, आधी तुम्हीच." या सौजन्यात पंधरा मिनिटं गेली आणि तोवर शेवाळ सुकलं.

त्यात भर बाबांची. या गोळ्यांना ते खेळणी म्हणतात, आणि दर रविवारी न चुकता कोपऱ्यात स्टूल टाकून बसतात. बोन्सायची कात्री आता त्यांच्या हातात थरथरते. मला दिसत नाही असं त्यांना वाटतं.

गेल्या रविवारी मी सांगत होते, "वरून शेवाळ हिरवं दिसतं, त्यावर जाऊ नका. गोळा उचलून बघा. हलका लागला तर बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. वरवर फवारून आत काही पोचत नाही."

बाबा कोपऱ्यातून म्हणाले, "एवढं माझ्या मुलाला कळलं असतं तर आजोबांचा पाइनचा बोन्साय जगला असता."

नऊ परक्या माणसांसमोर! मी इतकी चिडले की हातातला गोळा टेबलावर आपटला. आणि म्हणाले, "त्याने नाही मारला. मी मारला."

दादा, हे लिहायला दोन पानं उगाच खर्ची घातली. आता लिहिते.

बारा वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये तू कुंड्या आणायला तोकोनामेला गेला होतास. तीन दिवस पाणी घालायचं काम माझ्यावर सोपवलं होतंस. पहिल्या दिवशी घातलं. नंतरचे दोन दिवस मी मैत्रिणीकडे समुद्रावर होते. तू यायच्या तासभर आधी आले आणि पानांवर फवारा मारून ठेवला. पाइन लगेच काही दाखवत नाही. तीन आठवड्यांनी तो तपकिरी पडला, तेव्हा पाणी तुझ्याच हाती होतं. तू मला एकदाच विचारलंस, "घातलं होतंस ना?" मी म्हटलं, "हो." तू विश्वास ठेवलास. बाबांनी तुला घराबाहेर काढलं तेव्हा मी स्वयंपाकघरात सूप ढवळत होते. मला लाज वाटते, दादा. रोज वाटते.

तर रविवारी मी हे बोलले तेव्हा शेडमध्ये सगळ्यांनी माना खाली घातल्या. सगळ्याजणी दोरा गुंडाळत राहिल्या. शेवटी कुरामोचीबाईंनी सर्वांना चहा विचारला, देव त्यांचं भलं करो.

संध्याकाळी बाबा शेडमधून घरात आले. मग माझ्यासमोर कागद आणि ब्रश ठेवून म्हणाले, "फोनवर नाही. हाताने लिही."

"तुम्ही काय सांगाल त्याला?" मी विचारलं.

"मी काय सांगणार? कोबेहून सकाळची गाडी किती वाजता सुटते, तेवढं विचार."

त्यांच्याकडून माफी येणार नाही, वाट बघू नकोस. रागाने माझंच डोकं फुटायची वेळ आलीय, पण त्यांच्या तोंडून याहून जास्त निघत नाही. माझ्या तोंडून तरी बारा वर्षांत काय निघालं?

तू मला माफ करावंस असं मी मागत नाही. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ये. ते थकलेत.

तुला खोटं सांगून तुझं घर राखून बसलेली,
फुमिए