पहिल्या बाराला उभा राहणारा

बाबा, तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होत आली आणि पेशव्यांच्या तोफखान्यात तुमच्या जागी मी बसतो. गोव्याहून तुमच्यासोबत आलेली आपली माणसं तेव्हा मोजकी होती; आता रविवारी प्रार्थनेला अंगण पुरत नाही. पाद्री वर्षातून एकदा येतात, एरवी प्रार्थना मीच सांगतो. पेठेत लोक मला देवमाणूस म्हणतात. तुम्ही असता तर आधी हसला असता आणि मग खरं काय ते विचारलं असतंत.

ओतशाळेतला तुमचा नियम होता. नव्या तोफेचा पहिला बार माळावर काढायचा, तेव्हा ज्याच्या देखरेखीखाली ती ओतली त्यानं तिच्या शेजारी उभं राहायचं, बाकीचे बांधामागे. मी पहिल्यांदा तुमच्याबरोबर उभा राहिलो आणि बत्ती पुढे येताच चार पावलं मागे सरलो. त्या रात्री घरी आई पेज वाढते आहे, तुम्ही ताटावरची नजर न काढता म्हणता, "तूच मागे सरलास, तर त्यांनी कुणाच्या भरवशावर बत्ती लावायची?" पुढे एकदा जोशांनी काढलेला मुहूर्त नेमका प्रभूच्या मरणाच्या शुक्रवारी आला. त्या दिवशी आपल्यात कुणी हातोडीसुद्धा धरत नाही. तुम्ही पहाटे प्रार्थना केलीत आणि उपाशीपोटी माळावर जाऊन उभे राहिलात. मला वाटलं, तुम्ही तोफखान्याच्या सरदारांना भ्यालात. इतका मी शहाणा होतो.

तसाच मुहूर्त माझ्या वाट्याला आला. तोफ मोठी होती आणि सरदारांना तातडीनं हवी होती. आदल्या दिवशी तिच्यावर हातोडी ठोकत गेलो, तर बुडाजवळ एका जागी आवाज बद्द आला. पुन्हा ठोकलं, पुन्हा बद्द. आत कुठेतरी पोकळी राहिली होती. सांगितलं असतं तर तोफ मोडून नव्यानं ओतावी लागली असती आणि दरबारात माझं नाक कापलं गेलं असतं. तुम्ही हाताला धरून शिकवलेला आपला मुख्य तांबट शेजारीच उभा होता. बार ऐकून ऐकून त्याचे कान पार अधू झाले होते. तोफेची परीक्षा तो माझ्या चेहऱ्यावर वाचायचा.

"उद्या तुमच्या देवाचा दिवस," तो म्हणाला. "तुम्ही खुशाल जा, मी उभा राहतो. आवाज बरा आहे ना?"

मी मान डोलावली. मग सरदारांकडे रजा मागितली. ते म्हणाले, तुमचा देव बरा, सुट्टी तरी देतो. आमचे तेहेतीस कोटी, पण एकालाही ते सुचत नाही. सगळे हसले, मीही हसलो.

तोफ बुडाशी फाटली आणि तांबट जागीच गेला. दारू जास्त ठासली असेल, असा ठपका त्याच्यावरच आला. मी नाही म्हटलं नाही. मी धर्म पाळला म्हणून वाचलो, असं सरदार भर कचेरीत म्हणाले. तांबटाच्या बायकोला भेटायला गेलो, तर तीच मला म्हणाली, "देवानं तुम्हाला तरी राखलं." मला तिथे बसवेना. पाद्री येतात तेव्हा त्यांच्यापुढे गुडघे टेकून राग सांगतो, दारू प्यायलो ते सांगतो. हे सांगत नाही. सांगितलं तर रविवारी प्रार्थना कुठल्या तोंडानं सांगू, असं स्वतःला समजावतो.

हे पत्र शेवटी भट्टीतच जाणार आहे, म्हणून उरलेलंही लिहून टाकतो. त्या शुक्रवारी मी अंगणात प्रार्थना सांगत होतो आणि माळाकडून आवाज आला. फुटलेल्या तोफेचा आवाज वेगळा असतो. अंगणातली निम्मी माणसं तोफखान्यातली. त्यांनाही तो कळला. दोघंतिघं उठायला लागले. मी हातानं त्यांना खाली बसवलं आणि प्रार्थना शेवटपर्यंत सांगितली, एक शब्द न चुकता. मनात एवढंच होतं, बाबा, की बरं झालं, मी इथे आहे.