पाचवं रीळ

ता. ६ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न.

तू पाठवलेल्या पासांवर गुरुवारी दुपारचा खेळ पाहिला. बस गाठायची होती म्हणून वर तुझ्या मशीनच्या खोलीत आले नाही, रागावू नकोस. कंपाउंडर सोबत होते. हेरांचा तो सिनेमा त्यांच्या पार डोक्यावरून गेला. हा कोण, तो कुणाच्या बाजूचा, मघाशी मेला तो हाच का, असं दर पाच मिनिटांनी विचारत होते. शेवटी पुढच्या रांगेतल्या बाई मागं वळल्या आणि म्हणाल्या, की आम्हालाही काही कळत नाहीये, पण निदान शांतपणे तरी न कळू द्या.

मला मात्र एक गोष्ट नीट कळली. करड्या कोटातल्या हेराला पुलावर गोळी लागते, तो नदीत पडतो. पुष्कळ शोधतात, सापडत नाही. आणि मग एका दुपारी तोच माणूस घरी येतो. कुंडीखालची किल्ली काढतो, पायपुसण्यावर आधी डावा, मग उजवा पाय पुसतो आणि आत बाकावर येऊन बसतो. बायको दचकत नाही. चहा ठेवते.

दादा, हे गेले त्याला चार वर्षं झाली. नदीची पातळी मोजायला होडीतून गेले. होडी मिळाली, हे मिळाले नाहीत. कंपाउंडरांनी मला मागणी घातली तेव्हा तूच म्हणालास, की माणूस चांगला आहे, हो म्हण. महिनाअखेर त्यांची बदली होतेय, त्याआधी उत्तर द्यायचं आहे. तुझ्याकडे तो सिनेमा रोज चालतो. तो माणूस वाचला कसा, एवढं नीट पाहून कळव.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशी राहू दे.

तुझी,
माई


ता. ९ एप्रिल

चि. माईस,
अनेक आशीर्वाद.

तुला वाटतं मी फुकटात सिनेमे पाहतो. अगं, मी सिनेमा दाखवतो, पाहत नाही. दोन मशीनं असतात. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकतो, की दुसरं सुरू करायचं. मधली पंधरा-वीस मिनिटं मी खिडकीकडे पाठ करून देवाचं नाव घेत बसतो. सव्वीस वर्षांचा परिपाठ आहे. त्यामुळे कोण मेला नि कोण वाचला, मला विचारू नकोस.

हेरांच्या सिनेमात असंच असतं. लोकांना चकवायचं, एवढाच त्यांचा धंदा. बाल्कनीतले एक गृहस्थ मध्यंतरात बायकोला सगळं समजावून सांगत होते, आणि मध्यंतरानंतर तेच तिला विचारत होते. तू त्यावर आपला जीव टांगू नकोस. कंपाउंडरांना हो म्हणून टाक.

प्रकृतीला जप.

दादा


ता. १४ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न.

तुझ्या पत्रानं समाधान झालं नाही. तू काहीतरी लपवतो आहेस. लहानपणी दौत सांडलीस की असाच गोड बोलायचास.

आठ दिवस झाले, मी कामाला जाताना किल्ली कुंडीखाली ठेवते. वेड लागलंय म्हणशील, म्हण. काल दुपारी तीनला घरी आले तर पायपुसणं ओलं होतं. नळाला चार दिवस पाणी नाही. डावीकडे जास्त ओलं होतं, उजवीकडे कमी. मी दारातच किती वेळ उभी राहिले, सांगता येणार नाही. भीती वाटली नाही, याचीच आता भीती वाटते.

येत्या रविवारी कंपाउंडरांना नकार कळवणार आहे. ज्याचा नवरा परत येतो आहे, तिनं दुसरं घर मांडू नये.

माई


ता. १६ एप्रिल

चि. माईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारपर्यंत थांब. हे पत्र आधी वाच.

चूक माझी आहे. त्या गुरुवारी पाचव्या आणि सहाव्या रिळाच्या डब्यांची झाकणं अदलाबदल झाली होती. माझं मन नामात होतं. मी सहावं आधी लावलं, पाचवं मागून. खेळ संपल्यावर रिळं उलटी गुंडाळताना लक्षात आलं. आता प्रेक्षक खुर्च्या तोडणार, मॅनेजर मला हाकलणार. पण एकही तक्रार नाही! उलट मॅनेजर वर येऊन म्हणाले, की पुष्कळ दिवसांनी लोक विचार करत बाहेर पडले. देवापुढे रोज हात जोडतो आणि हे एवढं बोलायला जीभ रेटली नाही.

तेव्हा माई, तो माणूस परत आलेला नाही. तो घरी येतो ते आधीचं आहे. चहा पिऊन मग पुलावर जातो. मेलेला माणूस मी माझ्या आंधळेपणानं घरी आणला. पायपुसण्याचं मला ठाऊक नाही. कुणाचं मांजर असेल, कुणाची बादली सांडली असेल. मला क्षमा कर, आणि किल्ली आत घे.

दादा


ता. २१ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न.

दोन दिवस तुझा फार राग आला. तिसऱ्या दिवशी हलकं वाटलं. म्हणजे तो जाणारच असतो, आणि बायकोला ते ठाऊक असतं. म्हणून दचकत नाही.

किल्ली आत घेतली. कंपाउंडरांना हो कळवलं. ते इतके गोंधळले, की मला औषधाच्या बाटलीसारखं दोनदा हलवून विचारलं, नक्की ना. शुक्रवारी सह्या करायच्या आहेत. बदलीच्या गावी जाणं आहेच. वहिनीला घेऊन ये.

तुझी,
माई


ता. २३ एप्रिल

श्री. कंपाउंडर यांस,
स. न. वि. वि.

ही गोष्ट माईला लिहायची हिंमत नाही, आणि तुमच्यापासून लपवणं बरोबर नाही.

सिनेमा नीट पाहून कळव, असं माईनं पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, म्हणून काल, शेवटच्या खेळाला, मी नाम बाजूला ठेवून खिडकीतून सबंध सिनेमा पाहिला. रिळं योग्य क्रमानं लावली होती. त्यात तो माणूस घरी येतच नाही. पाचव्या रिळात तो हॉटेलात उतरतो, फोन करतो, गाडी पकडतो. त्याला बायको आहे, एवढं फक्त फोनवर कळतं. तिचं तोंडही दिसत नाही. खेळानंतर मी ते रीळ दिव्यासमोर धरून हातभर-हातभर सरकवत पाहिलं, मग बाकीचीही पाहिली. कुंडी नाही, किल्ली नाही, चहा नाही. कुठं कापून जोडल्याची खूणही नाही.

मी न पाहताच खुलासा केला आणि त्यावर विसंबून माईनं होकार दिला. आता तिला सांगावं की नाही, आणि हे लग्न व्हावं की नाही, ते तुम्ही ठरवा. संसार तुम्हाला करायचा आहे.

आपला,
माईचा दादा


ता. २५ एप्रिल

ती. दादांस,
सा. न.

पत्र दोनदा वाचलं. उत्तर टपालानं वेळेत पोचणार नाही, म्हणून बसच्या कंडक्टरजवळ देतो आहे. सिनेमा मला अजूनही कळलेला नाही. माईंनी तो मला परतीच्या बसमध्ये पुन्हा पहिल्यापासून सांगितला, तरी नाही. पण तो घरी येतो, तो भाग मीही पाहिला. तेवढ्यात मी माईंना एकही प्रश्न विचारला नाही. विचारायची गरज नव्हती.

त्या माणसाच्या उजव्या भुवईवर पाच टाक्यांचा व्रण होता. सहा वर्षांपूर्वी डॉक्टर रजेवर असताना ते मीच घातले होते. तिसरा तिरका गेला, म्हणून माईंच्या यजमानांनी मला पुढं वर्षभर शिंपी म्हणून चिडवलं. आपल्या हातचं काम माणूस ओळखतो, दादा.

माई त्याला करड्या कोटातला म्हणाल्या, मीही तसंच म्हणतो. त्यांना काय दिसलं ते मी विचारलेलं नाही, आणि तुमचं पत्रही दाखवणार नाही.

लग्न व्हावं की नाही, म्हणता. चहा संपल्यावर त्यानं मान वर केली. बायकोकडे नाही पाहिलं. पडद्यावरून सरळ बाराव्या रांगेत, माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग बाकावर थोडा सरकला आणि शेजारी जागा केली.

उद्या शुक्रवार. मी जाऊन बसायचं ठरवलं आहे. तुम्ही आणि वहिनी वेळेवर या. आपल्या मायेत मलाही धरा.

आपला,
कंपाउंडर