तिसऱ्या हुकावरची पाटी

७ ऑक्टोबर, सोमवार

पोचले एकदाची. उराहामा स्टेशनवर माशाचा वास नाकात शिरला तो अजून तिथंच आहे, पण खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो, त्यामुळे तक्रार नाही. कारखाना माशाच्या लगद्याच्या वड्या करणारा, साठ वर्षांचा. लगदा घुसळायच्या तीन टाक्या, प्रत्येकीत माणूस सहज उभा राहील. जुन्या रिलेंचं जंजाळ काढून तिन्ही टाक्या एका पीएलसीवर, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकावर आणायच्या, हे माझं काम. फोन दारातच जमा करतात, म्हणून ही खिशातली वही.

मॅनेजर कुराहाशी-साननी चहा पाजला आणि विचारलं, ओसाका सोडून इथं कुणी आपण होऊन येतं का? मी म्हटलं, पहिलंच स्वतंत्र काम आहे, ध्रुवावर पाठवलं असतं तरी गेले असते.

९ ऑक्टोबर, बुधवार

टाक्या धुणाऱ्या हामुरो-साननी आज मला जीवपाटी शिकवली. टाकीत उतरायच्या आधी आपल्या नावाची लाकडी पाटी बाहेरच्या हुकाला लावायची. पाटी असेपर्यंत कुणी बटण दाबायचं नाही. आणि ज्याची पाटी त्यानंच काढायची, दुसऱ्यानं हातसुद्धा लावायचा नाही. पोरी, एकवेळ नवऱ्याला विसर पण पाटीला विसरू नकोस, म्हणाल्या. मला नवरा नाही म्हटल्यावर, मग तर पाटीच सांभाळ, म्हणून हसत सुटल्या आणि माझ्या नावाची पाटी हातात दिली. टाकी सुरू करताना त्या हुकाकडे बोट दाखवून मोठ्यांदा म्हणतात: हुक रिकामा, ठीक.

ही रीत मला इतकी आवडली की आराखड्यातच घेतली. हुकामागे स्विच. पाटी लागली की पीएलसीला इनपुट, पडद्यावर ‘आत: १’, मोटर बंद. पाटी निघाली की ‘आत: ०’, झाकण खाली येऊन आपोआप कुलूप, मग बटण दाबलं की मोटर. स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

तिसरी टाकी एकोणीस वर्षं बंद आहे. जुन्या पॅनेलवर एक पाटी लटकत होती, धुरकटलेली: इवानागा. दुपारच्या सुट्टीत हा कामगार आत उतरला होता आणि एकच्या भोंग्याला पाटी न बघताच कुणीतरी बटण दाबलं. पाटी काढायला इवानागा काही बाहेर आला नाही, म्हणून ती तशीच राहिली.

मला वाईट वाटलं. पण पॅनेल भंगारात जायचं होतं. पाटी काढून माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. हामुरो-सान दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

चाचणी. सगळं सुरळीत, फक्त तिसऱ्या टाकीचं इनपुट बारा दहाला आपोआप लागलं. हुक रिकामा, पडद्यावर ‘आत: १’. एक वाजता सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि इनपुट गेलं. स्विच दमट झाला असेल, बदलला.

१६ ऑक्टोबर, बुधवार

पुन्हा बारा दहा. वायर काढली, तरी १. पीएलसीचं इनपुट कार्ड बदललं, तरी १. वायरच नसलेलं इनपुट लागत नाही. लागूच शकत नाही.

कुराहाशी-सान म्हणाले, शुक्रवारी एकच्या भोंग्याला तिन्ही टाक्या चालू झाल्या पाहिजेत, मालक बघायला येणार आहेत. शेवटी मी इनपुट फोर्स केलं. म्हणजे पीएलसीला बजावलं, बाहेर काहीही दिसो, तू शून्यच धर. असं करू नये हे मला माहीत आहे. सगळेच करतात आणि नंतर काढतात.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

तिसरी टाकी रिकामी चालवली. मोटर अडखळली. रिकाम्या टाकीत पाती कशाला तरी लागत होती, मऊ काहीतरी.

बंद करून पाहिलं. काही नाही.

इवानागाची पाटी परत हुकाला लावावी म्हणून खण उघडला. पाटी नाही. हामुरो-साननी घेतली का विचारलं, तर म्हणाल्या, दुसऱ्याच्या पाटीला मी हात लावत नाही. तू लावलास. हे लिहितानाही मला भीती वाटते आहे.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार, दुपार

बारा दहाला आतून ठोकल्याचा आवाज. टाकीपाशी हामुरो-सानचे पांढरे बूट, त्या कुठंच नाहीत. वाटलं त्याच आत – माझी पाटी हुकाला लावली, झाकण उघडलं आणि उतरले.

आत कुणी नाही.

झाकण बंद झालंय. कुलूप लागल्याचा आवाज आला. का – पाटी लावली होती, नक्की लावली होती, बोट दाखवून ‘पाटी लावली’ असं म्हटलंही होतं –

ओरडून घसा बसला. बाजूच्या टाक्या घरघरतायत, कुणाला ऐकू जाणार.

फोर्स. मी फोर्स काढलाच नाही. पीएलसीला माझी पाटी दिसतच नाही. त्याच्या मते आत शून्य. मीच सांगितलंय त्याला.

पण पाटी हुकावर आहे. हामुरो-सान बघतील. त्या बघितल्याशिवाय कधीच –

बारा पंचावन्न. पायाला काही लागलं. टॉर्च धरला. दोन पाट्या, शेजारी शेजारी. इवानागा. आणि दुसरी माझी.

माझी पाटी आत आहे.

कुणीतरी शेजारी श्वास –

भोंगा. बाहेर हामुरो-सान. बसल्या घशानं ओरडते आहे, त्यांना ऐकू – त्या म्हणतायत, तिसरा हुक रिकामा, ठी