पासबुकावर नाव माझे, पैसा बायकांचा

लिहून ठेवणार भिवराबाई भ्रतार कै. येडबा देवकते, धंदा शेती व मेंढ्या, राहणार बोरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी.

उद्या परभणीला माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. आज डोके ठिकाणावर आहे, कोणाची जबरदस्ती नाही. रंगनाथ मास्तरांनी मी सांगते तेवढेच लिहावे.

घर व रान मुलगा भुजंग यास. मेंढ्या सून म्हाळसाबाईच्या, राखते तीच.

आता बँकेचे. हे आधीच लिहायला हवे होते, जीव त्यातच अडकला आहे. जिंतूरच्या बँकेत माझ्या खात्यावरचा पैसा आमच्या भिशीचा आहे. सोसायटीत कर्जाला गेलो की, "बाई, सातबारा कुणाच्या नावावर हाय?" एवढेच विचारीत. सावकार अंगावरचे डागदागिने गहाण मागे. म्हणून आम्ही बायकांनी थोडे थोडे साठवले. बियाणे, बाळंतपण, औषध, जिला नड तिने उचलावे, सुगीला परत घालावे.

पैसा आधी माझ्या घरी डब्यात असे. दुष्काळ सरल्यावर भुजंगने त्यातून न विचारता बैल घेतला. भिशीतल्या सत्यशीलाच्या विहिरीचे काम त्यामुळे अडले. मी काही मेंढ्या विकून भरपाई केली. तेव्हापासून आम्ही मायलेक धड बोलत नाही. पुढे बँकेत गेलो, तर साहेब म्हणाले, भिशीच्या नावाने खाते निघत नाही. सगळ्यांनी माझे नाव सांगितले.

मी मेले तर बँक भुजंगला वारस धरील, हे कळल्यापासून डोळ्याला डोळा नाही. सबब ती सर्व रक्कम सत्यशीलाच्या हाती द्यावी; भिशी तिने चालवावी. ती बौद्धवाड्यातली म्हणून आमच्या भावकीने नाक मुरडू नये. हिशेबाला तिच्याइतकी चोख मी कोणी पाहिली नाही. मास्तर, हे कलम पुन्हा वाचून दाखवा.

वाचत असताना भुजंग दारात आला. सगळे ऐकून म्हणाला, "आई, त्यो बैल इकून दवाखान्याचा पैसा आणलाय. तुज्यासंगं मी येतो."

मी त्याला जवळ बसवले. पाठीवरून हात फिरवला.

मास्तरांनी विचारले, कलम बदलायचे का? बदलू नये. तसेच राहू द्यावे.

निशाणी अंगठा : भिवराबाई
साक्षीदार : भगवानराव (पोस्टमन), बन्सीधर (दुकानदार)
लिहिणार : रंगनाथ मास्तर
बोरी, ११ फेब्रुवारी १९७६